पृथ्वी पडते आहे काय? : एका जुन्या वादातून मुक्त पतनाचा अभ्यास

जड वस्तू लवकर पडते आणि हलकी सावकाश, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. तरी बहुतेकांच्या मनात ते पक्के असते. झाडावरून नारळ धपकन खाली येतो आणि पिंपळाचे पान गिरक्या घेत उतरते, हे पाहतच आपण मोठे झालो. पुढे इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा पाठ येतो. हवेचा रोध नसेल तर सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, हे विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. शाळा सुटल्यावर मात्र त्याचा विश्वास नारळावर आणि पानावरच राहतो. परीक्षेचे एक उत्तर आणि व्यवहाराचे दुसरे, अशी दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच डोक्यात वर्षानुवर्षे शेजारी नांदतात. शिक्षणाचे खरे अपयश नापास होण्यापेक्षा या शांत सहवासात अधिक असते.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. तरी पदार्थविज्ञानाच्या या प्रश्नाकडे वळण्याचे कारण इतिहासातच आहे. महाराष्ट्राच्या मातीशी नाते असलेल्या एका ग्रंथात, सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी, हा प्रश्न एका वादाच्या ओघात उभा राहिला. त्या वादाचा एक पक्ष भास्कराचार्यांचा होता. दुसरा पक्ष, ग्रंथातच नाव घेऊन सांगितल्याप्रमाणे, बौद्धांचा. आपल्या शाळेच्या स्मरणिकेच्या वाचकांना हा वाद ठाऊक असावा आणि त्यातील दोन्ही बाजू पुराव्याच्या तराजूत तोलता याव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोलाध्यायातील वाद

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मधील. वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असे सांगितले आहे. ते नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र त्यांच्या घराण्याचा ठसा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात स्पष्ट उमटलेला आहे. तेथील पाटण या गावी त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला. इ.स. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. याच डोंगररांगेत, आजच्या गौताळा अभयारण्याच्या परिसरात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ती या शिलालेखाहूनही हजार वर्षांपेक्षा अधिक जुनी.

गोलाध्यायात भास्कराचार्य पृथ्वीला आधार कोणाचा या प्रश्नाचा विचार करतात. शेष, कूर्म, हत्ती अशा आधारांची कल्पना ते नाकारतात. कारण एका आधाराला दुसरा आधार लागतो आणि ही साखळी कोठेच संपत नाही. त्यानंतर ते बौद्धांचा म्हणून एक पक्ष मांडतात. तो असा : आकाशातील तारकामंडळे पृथ्वीभोवती फिरताना दिसतात, म्हणजे पृथ्वी कशावरही टेकलेली नाही. जड वस्तू निराधार अवस्थेत स्थिर राहत नाही, हा तर रोजचा अनुभव. तेव्हा पृथ्वी अखंड खाली पडत असली पाहिजे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. हे मत आपल्यापर्यंत प्रतिपक्षाच्या लेखणीतून आलेले आहे. भास्कराचार्यांच्या आधी, आठव्या शतकातील लल्ल या ज्योतिष्याच्या ग्रंथातही याच मताचे खंडन आढळते. म्हणजे हा वाद ग्रंथपरंपरेने चालत आलेला होता. शिवाय वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त जगाची रचना निराळी आहे. तेथे भूमी जलमंडलावर आणि जलमंडल वायुमंडलावर टेकलेले आहे. त्यामुळे ‘बौद्धांचे मत’ म्हणून जे सांगितले जाते ते साऱ्या बौद्ध विचारवंतांचे मत होते, असे मानता येत नाही.

भास्कराचार्यांचे उत्तर थोडक्यात असे. वर फेकलेली जड वस्तू परत जमिनीवर येते, हे डोळ्यांनी दिसत असताना पृथ्वी पडते आहे असे कसे म्हणता येईल? पृथ्वी पडत असती तर फेकलेला दगड किंवा सोडलेला बाण तिला पुन्हा गाठू शकला नसता. या उत्तरामागचे कारण भाष्यात येते : सर्वांत जड वस्तू सर्वांत वेगाने पडते, आणि पृथ्वी तर सर्वांत जड, मग हलका बाण तिला मागून येऊन कसा गाठणार? याच प्रकरणात ते आणखी दोन गोष्टी सांगतात. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, तिच्यायोगे ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढते, आणि त्यामुळे ती वस्तू पडते आहे असे भासते. आणि आकाश सर्व बाजूंनी सारखेच असताना पृथ्वी पडणार तरी कोठे?

शेवटचे दोन मुद्दे फार मोलाचे आहेत. खाली ही दिशा म्हणजे पृथ्वीकडची दिशा, हे त्यांतून स्पष्ट होते. परंतु बाणाचा युक्तिवाद ज्या एका खांबावर उभा आहे तो खांब म्हणजे ‘जड वस्तू अधिक वेगाने पडते’ हे गृहीतक. ते कोणी तपासले होते काय?

विचारानेच होणारी तपासणी

हे गृहीतक केवळ आपल्याकडचे नव्हते. ग्रीसमध्ये इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पतनाचा वेग वजनाच्या प्रमाणात वाढतो असे मांडले होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने अनुभवाच्या आधारे त्यावर आक्षेप घेतला. पण ॲरिस्टॉटलचा अधिकार इतका मोठा होता की पुढे शतकानुशतके युरोपातील विद्यापीठांत त्याचेच मत शिकवले गेले. इ.स. १५८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हॉलंडच्या सायमन स्टेव्हिनने एकापेक्षा दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे सुमारे तीस फुटांवरून फळीवर सोडल्याचे नमूद केले आहे. दोघांचा आवाज एकदमच आला. गॅलिलिओने पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची कथा मात्र त्याच्या शिष्याने नंतर लिहिलेल्या चरित्रातून आलेली आहे.

गॅलिलिओचा निर्णायक युक्तिवाद त्याच्या १६३८ सालच्या ग्रंथात आहे. आपल्या परिसरातील वस्तू घेऊन तो असा मांडता येईल. एक मोठा दगड आणि एक लहान दगड घ्या. मोठा वेगाने पडतो आणि लहान हळू, असे क्षणभर मानू. आता दोन्ही दगड दोरीने एकत्र बांधून सोडले तर काय होईल? हळू पडणारा लहान दगड मोठ्याला मागे ओढील; म्हणून जोडीचा वेग एकट्या मोठ्या दगडापेक्षा कमी असला पाहिजे. पण जोडीचे वजन तर मोठ्या दगडापेक्षा जास्त. म्हणून तिचा वेग अधिक असला पाहिजे. एकाच गृहीतकातून परस्परविरुद्ध दोन निष्कर्ष निघतात. जे गृहीतक स्वतःशीच भांडते ते टिकत नाही. मध्ये हवेचा अडथळा नसेल तर मोठा आणि लहान दगड सारख्याच वेगाने पडले पाहिजेत, हा एकच मार्ग उरतो.

तरी गॅलिलिओ केवळ तर्कावर थांबला नाही. पडणारी वस्तू इतक्या झटपट जमिनीवर येते की त्या काळच्या साधनांनी वेळ मोजणे कठीण. म्हणून त्याने उतरत्या फळीवर खाच पाडून तीतून काशाचा गोळा सोडला आणि भांड्यातून वाहिलेल्या पाण्याच्या वजनावरून वेळ मोजला. दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट अंतर, हे प्रमाण त्याला मिळाले. शिशाचा आणि बुचाचा असे दोन गोळे सारख्या लांबीच्या दोऱ्यांना टांगून झुलवले, तेव्हा वजनात शंभरपटीहून अधिक फरक असूनही त्यांचे झोके बरोबरीने पडले.

ओढ आणि आळस

असे का घडते? पृथ्वी जड वस्तूला अधिक जोराने ओढते, हे तर खरेच आहे. एक किलोग्रॅमच्या गोळ्यावर सुमारे ९.८ न्यूटन बल असते. दहा किलोग्रॅमच्या गोळ्यावर ९८ न्यूटन. दहापट ओढ असताना दहापट वेग का नाही?

उत्तर जडत्वात आहे. प्रत्येक वस्तू आपली स्थिती बदलण्यास विरोध करते. रिकामी हातगाडी एका धक्क्याने हलते, विटांनी भरलेली हलत नाही. हा विरोधही वस्तुमानाच्या प्रमाणातच वाढतो. दहा किलोग्रॅमच्या गोळ्याला दहापट ओढ मिळते, पण त्याला हलवणेही दहापट कठीण असते. एकाने मिळवलेले दुसऱ्याने खर्च होते, आणि उरते ते प्रत्येक वस्तूला सारखेच मिळणारे त्वरण. पुण्यात ते दर सेकंदाला दर सेकंदास सुमारे ९.७८ मीटर आहे.

आकड्यांत पाहू. कर्वेनगरमधील आपल्या इमारतीची गच्ची दहा मीटर उंच आहे असे धरले तर हवेशिवाय कोणतीही वस्तू सुमारे १.४३ सेकंदात जमिनीवर येईल आणि टेकताना तिचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर असेल. मोहरीचा दाणा असो वा जात्याची तळी, या गणितात वस्तूचे वजन कोठेच येत नाही. प्रत्यक्ष हवेत शंभर ग्रॅमचा आणि एक किलोग्रॅमचा असे लोखंडाचे दोन गोळे तेथून सोडले तरी जमिनीजवळ त्यांच्यात फार तर दोन-तीन सेंटीमीटरांचे अंतर पडेल. वजनात दहापट फरक आणि पतनात एवढासा!

हवेचा हात

मग पिंपळाचे पान का रेंगाळते? येथे घरच्या घरी करता येण्याजोगा एक प्रयोग सर्व काही सांगतो. वहीची दोन सारखी पाने घ्या. एक तसेच ठेवा, दुसऱ्याचा घट्ट बोळा करा. दोन्ही एकाच उंचीवरून एकदम सोडा. बोळा सरळ खाली येतो, पान तरंगत राहते. दोघांचे वजन अगदी सारखे आहे. तेव्हा फरक वजनामुळे पडला असे म्हणता येत नाही. बदलला तो आकार, आणि आकारामुळे हवेशी होणारा सामना.

पडणारी वस्तू हवेला बाजूला सारीत जाते. वेग वाढेल तसा हवेचा रोधही वाढतो. तो वस्तूच्या वजनाइतका झाला की वेग वाढणे थांबते. वस्तू त्यापुढे एकाच वेगाने उतरते. यालाच अंतिम वेग म्हणतात. पान रुंद आणि हलके असल्यामुळे सुटल्याबरोबरच या अवस्थेला पोहोचते. लोखंडी गोळ्याला त्यासाठी फार उंचावरून पडावे लागते. म्हणून थोड्या उंचीवर गोळे बरोबरीने पडतात आणि पाने मागे राहतात.

हवेच्या या रोधाचे आपल्यावर उपकार आहेत. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून पडलेला पावसाचा थेंब हवा नसती तर सेकंदाला सुमारे दोनशे मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटर वेगाने आपल्या डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा थेंबही सेकंदाला नऊ मीटरांच्या आसपासच राहतो. आपल्या आयाबाया तर हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हाताळत आल्या आहेत. खळ्यावर उंच उभे राहून सुपातले धान्य वाऱ्यावर सोडले की दाणे पायाशी पडतात आणि भुसा दूर उडतो. उफणणी दाणा आणि भुसा वेगळा करते ती हवेच्या मदतीने. जेथे हवाच नाही तेथे दाणा आणि भुसा एकाच वेळी, एकाच ठिकाणी पडतील आणि उफणणी व्यर्थ जाईल.

अशी एक जागा आहे, आणि तेथे प्रयोग झालेलाही आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे होते. त्यांच्या एका हातात १.३२ किलोग्रॅमचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे सुमारे ३० ग्रॅमचे पीस होते. वजनात चाळीसपटीहून अधिक फरक. दोन्ही एकदम सोडली. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश असल्याने ती संथपणे उतरली. पण उतरली ती बरोबरीने, आणि चंद्राच्या धुळीला एकाच क्षणी टेकली. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने हे दृश्य टिपले. पीस स्वभावतः संथ असते हा समज त्या दिवशी जगाने आपल्या डोळ्यांसमोर मोडताना पाहिला. एखादी गोष्ट मागे पडली की दोष तिच्या अंगातच आहे असे ठरवण्यापूर्वी मधले माध्यम तपासावे, एवढी सवय शिक्षकांनी आणि पालकांनी यातून जरूर लावून घ्यावी.

वादाचा निवाडा

आता गोलाध्यायातील वादाकडे परत येऊ. जड पृथ्वी अधिक वेगाने पडेल म्हणून बाण तिला गाठू शकणार नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. कारण ज्या गृहीतकावर तो उभा आहे तेच चुकीचे आहे. बाण आणि पृथ्वी दोन्ही एकाच दिशेने पडत असतील तर ती बरोबरीनेच पडतील. आणि पृथ्वी बाणाला ओढते हे भास्कराचार्यांचेच म्हणणे त्यात मिळवले, तर पडत्या पृथ्वीवरही बाण परत येईल, अगदी स्थिर पृथ्वीवर येतो तसाच. म्हणून बाण परत येतो या अनुभवावरून पृथ्वी पडते की नाही हे ठरतच नाही.

मग पृथ्वी पडते काय? आजच्या विज्ञानाचे उत्तर आश्चर्यकारक आहे. पृथ्वी सूर्याकडे पडते आहे. सरळ रेषेतील मार्गापासून ती दर सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर सूर्याच्या दिशेने वळते. पण त्याच सेकंदात सुमारे तीस किलोमीटर आडवी पुढे जात असल्यामुळे सूर्यावर आदळत नाही, त्याच्याभोवती फिरत राहते. चंद्रही पृथ्वीबरोबर सूर्याकडे पडतो आहे. पृथ्वी चंद्रापेक्षा सुमारे ८१ पट जड. जड वस्तू अधिक वेगाने पडत असती तर दोघांची ताटातूट केव्हाच झाली असती. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण पाठवून पृथ्वी-चंद्रातील अंतर मोजले जाते. त्या मोजमापांवरून दोघांच्या सूर्याकडील पतनात लाख कोटी भागांत एका भागाइतकाही फरक आढळलेला नाही. ज्या पृथ्वीच्या जडपणाचा आधार घेऊन वाद झाला, त्याच पृथ्वीने पतनाच्या नियमाची साक्ष दिली आहे.

याचा अर्थ बौद्ध पक्षाला आधुनिक विज्ञान आधीच कळले होते, असा काढता येत नाही. पृथ्वी अनंत काळ खाली पडते हे त्याचे म्हणणे होते. आणि आकाशात अशी एकच ‘खाली’ नाही, हा भास्कराचार्यांचा आक्षेप बिनतोड आहे. त्याचप्रमाणे भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, असे जे वारंवार लिहिले जाते तेही तपासून घ्यावे. आकर्षणाची कल्पना त्यांनी स्पष्ट मांडली, हे निःसंशय. पण ते आकर्षण अंतराबरोबर किती बदलते, वस्तुमानाशी त्याचे नाते काय, पडणारी वस्तू किती वेळात किती अंतर कापते, हे मोजमाप तेथे नाही. न्यूटनने १६८७ मध्ये ते दिले. उलट, जड वस्तू वेगाने पडते ही जुनी समजूत त्या युक्तिवादात शिल्लकच होती. मोठ्या माणसाचा मोठेपणा सांगताना त्याच्या ग्रंथात नसलेले त्याच्या पदरात टाकणे हा त्याचा सन्मान नव्हे.

आपल्या घरांत या दोन्ही प्रकारचे मोह येतात. वादात ‘बौद्ध’ हे नाव दिसताच त्या पक्षाची बाजू घ्यावीशी वाटते. दुसऱ्या कोणाला भास्कराचार्यांचे नाव दिसताच तसेच वाटते. केसमुत्ती सुत्तात कालामांना दिलेला उपदेश येथे उपयोगी पडतो : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. तो उपदेश आपल्या पक्षालाही लागू आहे, हे लक्षात ठेवणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक. पतनाच्या प्रश्नावर निर्णय दिला तो फळीवरून घरंगळणाऱ्या गोळ्याने, चंद्रावरच्या पिसाने आणि लेसरच्या मोजमापाने.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. घरातील मुलासमोर वहीच्या पानाचा आणि बोळ्याचा प्रयोग जरूर करा. पण सोडण्यापूर्वी ‘काय होईल?’ असे त्याला विचारा आणि त्याचे उत्तर कागदावर लिहून घ्या. नंतर एक खोडरबर आणि त्याच्या कितीतरी पट जड असे कुलूप घेऊन सारखे सोडा. सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांना एक लोखंडी नट आणि एक लाकडी मणी बांधून झुलवा. एक मीटर दोरीचा झोका जाऊन येण्यास सुमारे दोन सेकंद घेतो, नट असो वा मणी. मुलाचे आधीचे उत्तर चुकले तर रागावू नका, आणि बरोबर उत्तर लगेच सांगूही नका. पुन्हा सोडून पाहू द्या. पाठ्यपुस्तकातील ते एक वाक्य त्यानंतर त्याला पाठ करावे लागणार नाही.